डिजिटल फोटोला पुश केलेल्या रोलचा ग्रेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही पाच-सात जण कॅमेरे घेऊन नाशिकच्या गोदाघाटावर भेटतो. फोटो काढून झाले की मिसळ, आणि मिसळ खाताना एकच विषय: जुन्या रोलसारखा काळाकुट्ट, खरखरीत फोटो डिजिटलमध्ये कसा करायचा? तेच प्रश्न मग आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात. टाइप करून करून अंगठा दुखायला लागला, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतोय.

फिल्म लुक म्हणजे नेमका कुठला लुक?

फिल्म म्हटलं की कुणाला फिकट रंगांचे लग्नाचे अल्बम आठवतात, कुणाला आजोबांचा पासपोर्ट फोटो. इथे मी बोलतोय ते फक्त कृष्णधवल आणि ‘पुश’ केलेल्या रोलबद्दल. फिल्म ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा), पण कॅमेऱ्यावर १६०० लावायचे. म्हणजे फिल्मला हवा त्याच्या चौथा हिस्सा उजेड मिळाला. ती कसर मग रोल धुताना काढायची, डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, जास्त वेळ ठेवून.

गंमत अशी, की जिथे उजेड पोहोचलाच नाही तिथे रोल कितीही वेळ ठेवा, काही उमटत नाही. सावल्या रिकाम्याच राहतात. उजेडाच्या जागा मात्र भराभर घट्ट होत जातात. दोन्ही टोकं अशी लांब गेली की कॉन्ट्रास्ट आपोआप वाढतो, आणि चांदीचे कण एकमेकांवर चढून ग्रेनही ठळक होतो.

कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ साली ३५ मिमीमध्ये आली आणि वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांच्या हातात अनेक वर्षं राहिली. ते लोक हौसेनं पुश करत नव्हते. सभा रात्रीची, दिवे मिणमिणते, फ्लॅश मारायची सोय नाही, आणि फोटो तर सकाळच्या अंकात हवा. त्या अडचणीतून जे चित्र तयार झालं त्याला आज आपण लुक म्हणतो.

नॉइज आणि ग्रेन एकच ना? मग वेगळं काय करायचं?

घरचं लोणकढं तूप कणीदार असतं, त्याची कणी जिभेला आवडते. भातात खडा लागला तर तोही कणच, पण घास थुंकावा लागतो. ग्रेन आणि नॉइज यांत साधारण हाच फरक आहे, आणि त्याला कारण आहे.

फिल्मवर चित्र तयार होतं ते कणांतूनच. जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे लहानमोठे स्फटिक विखुरलेले असतात. उजेड लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये चांदी होते आणि त्या चांदीचे झुबके आपल्याला ग्रेन म्हणून दिसतात. त्यांना रांग नाही, ठरावीक आकार नाही. चित्रातून ग्रेन वेगळा काढायला गेलात तर चित्रच उरणार नाही.

सेन्सरवर पिक्सेल चौकटीत बसवलेले असतात. उजेड कमी पडला की प्रत्येक पिक्सेलचा अंदाज थोडा थोडा चुकतो, तो नॉइज. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो, त्यामुळे चुका रंगीत डागांच्या रूपात दिसतात. सगळ्यात मोठा फरक जागेचा. नॉइज दिसतो सावल्यांत, कारण तिथे उजेड कमी. फिल्मवरून काढलेल्या प्रिंटमध्ये ग्रेन सगळ्यात जास्त दिसतो तो मधल्या राखाडी छटांत: आकाशात, भिंतीवर, गालावर. गडद काळं तिथे स्वच्छ असतं.

म्हणून फोटो खोटा वाटत असेल तर आधी काळ्या भागात बघा. तिथे पांढरे ठिपके वळवळत असतील तर तो ग्रेन नाही.

मग कॅमेऱ्याचा आयएसओच १२८०० ठेवला तर?

चालतं. मी करतो कधीकधी. पण दोन पथ्यं पाळा. एक, रंगीत नॉइज सॉफ्टवेअरमध्ये आधी घालवा आणि मगच कृष्णधवल करा, नाहीतर तेच डाग राखाडी होऊन पसरतात आणि भिंतीला ओल आल्यासारखे दिसतात. दोन, सावल्या अजिबात उचलू नका, म्हणजे उजळू नका. खाली दाबा. नॉइज सावल्यांत राहतो, आणि सावल्याच काळ्या केल्या की त्याच्यासकट बुडतात. उरतो तो मधल्या छटांतला नॉइज, आणि तो बऱ्यापैकी ग्रेनसारखा वाटतो.

फोटो काढतानाच काय सांभाळायचं?

मला विचाराल तर अर्धं काम इथेच होतं, आणि लोक नेमकं हेच सोडून एडिटिंगबद्दल विचारतात.

जुन्या नाशकात तांबट गल्लीतलं एक दुकान घ्या. आत अंधार, उजेड फक्त दारातून येणारा. काका हंड्यावर ठोके घालताहेत, हंड्याच्या कडेवर उजेडाची एक चकाकती रेघ, हातोडी धरलेला हात अर्धा उजळलेला, बाकी सगळं काळं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर हा अंधार बघून घाबरतो आणि सगळं उजळ करायला जातो. परिणाम काय? मागचं फळीवरचं सामान, कॅलेंडर, वायरी, सगळं दिसायला लागतं, आणि हंड्यावरची रेघ पांढरीफटक होऊन जाते. ती पुन्हा आणता येत नाही.

निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड बऱ्यापैकी पचवते, डिजिटल पचवत नाही. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या सांगण्यापेक्षा उजेड कमी-जास्त करायची सोय) वजा १ किंवा वजा १.३ वर आणा आणि हंड्याची ती रेघ वाचवा. काकांच्या मागचं कॅलेंडर गेलं तर जाऊ द्या, ते तसंही नको होतं.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. कॉन्ट्रास्ट ताणला की त्या पायऱ्या आकाशात पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. रॉमध्ये १२ किंवा १४ बिटची माहिती असते, ताण सहन होतो. आणि कॅमेऱ्याचा पिक्चर मोड मोनोक्रोमवर ठेवा. रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात, पण मागच्या स्क्रीनवर कृष्णधवल दिसतं. पंचवटीत रंगांचा इतका गजबजाट असतो की रंग दिसत राहिले तर डोळा त्यांच्याच मागे धावतो.

मोबाइलवर जमेल का?

जमेल, पण मोबाइलशी थोडं भांडावं लागतं. शटर दाबल्यावर तो आत अनेक फ्रेम काढून एकत्र करतो, नॉइज पुसतो, सावल्या उचलतो, कडा धारदार करतो. आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट. अशा फोटोवर कॉन्ट्रास्ट चढवला की माणसांच्या भोवती पांढरी झालर दिसते आणि चेहरा मेणाचा वाटतो. नाइट मोड तर या कामासाठी विसराच.

प्रो मोड असेल तर त्यात रॉ चालू करा. नसेल तर लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोबाइल अ‍ॅपमधला कॅमेरा अनेक फोनवर डीएनजी, म्हणजे रॉचीच एक जात, फाइल देतो. ती फाइल पहिल्यांदा बघाल तेव्हा बेचव वाटेल. घाबरू नका. एडिटिंगसाठी स्नॅपसीड हे अ‍ॅप फुकट आहे, त्यात ‘कर्व्ह्ज’ आहे आणि ‘ग्रेनी फिल्म’ नावाचं टूलही आहे. फक्त त्या टूलचे तयार नमुने पूर्ण जोरावर ठेवू नका, निम्म्यावर आणा.

एक फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवा ना.

डिसेंबरमधली सकाळ, रामकुंडाजवळच्या पायऱ्या, साधारण सव्वासात. ऊन नुकतंच आलेलं, तिरपं. एक गृहस्थ स्नान करून वर आलेत आणि धोतर पिळताहेत. पाण्याची धार आणि उडणारे थेंब उन्हात चमकताहेत, मागच्या पायऱ्या सावलीत. आयएसओ ४००, एफ ५.६, शटर १/५००, कॉम्पेन्सेशन वजा १.

लाइटरूममध्ये पहिलं काम: प्रोफाइल मोनोक्रोम. ‘कॉन्ट्रास्ट’ नावाच्या स्लायडरला मी हात लावत नाही, तो सगळीकडे सारखाच ओढतो. हायलाइट (उजळ भाग) वजा ३०, म्हणजे थेंबांत थोडा जीव राहतो. शॅडो (सावल्या) वजा ४०. ब्लॅक्स खाली आणत आणत तिथवर, जिथे मागच्या दगडाच्या फटी दिसेनाशा होतात.

मग कर्व्ह, म्हणजे कुठली छटा किती उजळ किंवा गडद करायची ते ठरवणारी रेघ. मी ती एस अक्षरासारखी वाकवतो. हा आकार कुणाच्या लहरीतून आलेला नाही. हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी १८९० मध्ये फोटोच्या काचेच्या प्लेटांवर मोजमाप करून उजेड आणि काळेपणा यांचा आलेख काढला: पायथ्याशी सपाट, मध्ये चढ, खांद्याशी पुन्हा सपाट. आपला एस-कर्व्ह त्याचाच वंशज. मी २५ टक्क्यांवरचा बिंदू १५ वर आणला, ७५ वरचा ८२ वर नेला. डाव्या कोपऱ्यातला बिंदू मात्र तळालाच राहू दिला. तो वर उचलला की काळ्याचा राख-राखाडी होतो. त्या फिक्या काळ्याची फॅशन मध्यंतरी फार होती, पण पुश केलेला रोल चांगला छापला तर तसा दिसत नाही.

इथवर फोटो झकास दिसत होता. मग मूळ फाइलशी ताडून बघितलं तर डावीकडे पायरीवर एक आजी बसलेल्या होत्या, समोर फुलांचे द्रोण आणि वाती. कर्व्ह लावल्यावर त्या काळ्यात पार गडप. दहा मिनिटं नुसता बघत बसलो. त्या असल्या तर घाट वाटतो, नसल्या तर नुसता थेंबांचा फोटो. शेवटी ब्रशनं तेवढ्याच भागात एक्स्पोजर ०.४ वाढवलं. पदराची कड आणि एका द्रोणाचा आकार परत आला. चेहरा आला नाही, मी आणलाही नाही. डार्करूममध्ये हेच काम हातानं व्हायचं, एनलार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडाखाली पुठ्ठ्याचा तुकडा हलवत राहायचा.

मग शार्पनिंग. लाइटरूम रॉ फाइलला ४० देतो, मी १५ वर आणलं. ग्रेन आणि भरपूर शार्पनिंग एकत्र आले की वाळू शिंपडल्यासारखं दिसतं. ‘क्लॅरिटी’ शून्य. हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, ग्रेन: अमाउंट ४५, साइझ ३५, रफनेस ६० (या तिन्हींचा अर्थ पुढच्या प्रश्नात).

आकडे पाठ करू नका. तुमचा फोटो वेगळा, उजेड वेगळा. क्रम तेवढा लक्षात ठेवा: आधी काळं कुठे हवं ते ठरवायचं, ग्रेन शेवटी.

ग्रेनचे ते तीन स्लायडर कसे ठरवायचे?

अमाउंट म्हणजे किती ठळक, साइझ म्हणजे झुबका केवढा, रफनेस म्हणजे किती अनियमित. बहुतेक जण फक्त अमाउंट वाढवतात. मी साइझपासून सुरुवात करतो, कारण त्यामागे सरळ हिशेब आहे.

३५ मिमी फिल्मची चौकट ३६ मिमी रुंद. तुमचा २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद. म्हणजे फिल्मच्या हिशेबानं एक पिक्सेल झाला ६ मायक्रॉनचा. चांदीचा सुटा कण याहून बराच बारीक असतो, पण डोळ्याला दिसतात ते झुबके, आणि ते दोन-तीन पिक्सेल व्यापतात. त्यामुळे एका पिक्सेलचा ग्रेन नेहमी डिजिटल वाटतो. साइझ ३० च्या वर ठेवली की तो चुरचुरीतपणा जातो. रफनेस ५० च्या पुढे.

आणि शंभर टक्के झूम करून ग्रेन ठरवू नका. प्रिंटला नाक लावून कुणी फोटो बघत नाही. आख्खा फोटो स्क्रीनवर मावेल असा ठेवा, खुर्ची जरा मागे ओढा.

फोटोशॉप नाही, पैसे भरायचे नाहीत. काय करू?

डार्कटेबल हे सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे आणि त्याच्या ग्रेन मॉड्यूलमध्ये मधल्या छटांकडे झुकाव ठेवायचा वेगळा स्लायडर आहे. म्हणजे वर जे काळ्यात ग्रेन नको म्हणालो, ते त्यांनी आधीच ओळखलंय. शिकायला अवघड आहे, पहिले दोन दिवस चिडचिड होते.

फुकटच्या गिंपमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये एक जुनी युक्ती चालते. फोटोवर नवा लेयर घ्या, तो ५० टक्के राखाडीनं भरा, त्यावर एकरंगी नॉइज टाका, मग अर्ध्या पिक्सेलचा ब्लर. लेयरचा मोड ‘ओव्हरले’. या मोडचं गणितच असं आहे की खालचं शुद्ध काळं आणि शुद्ध पांढरं हलत नाही, जे काय होतं ते मधल्या छटांत. ब्लर विसरू नका, झुबके त्यानंच तयार होतात.

सर, अमुक प्रीसेट विकत घेऊ का?

नको. प्रीसेट म्हणजे दुसऱ्यानं ठरवून ठेवलेली तयार सेटिंग, आणि ती बनवणाऱ्यानं तुमचा रामकुंड बघितलेला नाही. घेतलाच असेल तर त्यातला कर्व्ह उघडून बघा, तेवढं शिकण्यासारखं असतं.

फुजीच्या कॅमेऱ्यातला अ‍ॅक्रॉस मोड पुरेसा आहे का?

चांगला आहे. २०१६ च्या एक्स-प्रो २ पासून तो मिळतो, आणि आयएसओ वाढवला की त्यातला ग्रेनही वाढतो, हे डोकं लावून केलंय. पण मूळची अ‍ॅक्रॉस फिल्म बारीक ग्रेनसाठी नावाजलेली, १०० आयएसओची. तिच्याकडून दंगा अपेक्षित नाही. कॅमेऱ्यात हायलाइट आणि शॅडो टोन वाढवा, ग्रेन ‘स्ट्राँग’ ठेवा, थोडं जवळ जाता येतं.

कृष्णधवल करताना रंगांचे स्लायडर कशाला?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फार आवडतं, कारण त्यात आपले त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके येतात. १८७० चा जन्म, १९१३ मध्ये पहिला चित्रपट, आणि पुढे त्यांची चित्रपट कंपनी नाशकातच होती. त्या काळी सर्रास वापरली जाणारी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची, म्हणजे तिला लाल रंग दिसायचाच नाही. निळा मात्र भरपूर दिसायचा. परिणामी आकाश पांढरं, ओठ काळे, आणि कपाळावरचं लाल कुंकू काळं ठिक्कर. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला सगळे रंग दिसतात. ट्राय-एक्स त्यातलीच.

ब्लॅक अँड व्हाइट मिक्सरमध्ये तुम्ही हेच ठरवत असता: आपल्या फिल्मला कुठला रंग किती दिसतो. लाल स्लायडर पार खाली न्या, फाळक्यांच्या काळात पोहोचाल. निळा खाली न्या, लाल फिल्टर लावल्यासारखं आकाश काळवंडेल. हा निळा फार ओढू नका, आकाशात नॉइजचे डाग पडतात आणि मंदिराच्या कळसाभोवती पांढरी रेघ उमटते.

त्वचेचा सगळा कारभार नारिंगी आणि लाल स्लायडरकडे. तो वर नेला की माणूस गोरा होतो. कृपा करून हे करू नका. उन्हात रापलेल्या शेतकऱ्याचा चेहरा चुन्यासारखा झालेला मी प्रदर्शनात पाहिलाय. मी उलट नारिंगी किंचित खाली ठेवतो, सुरकुत्या आणि घाम उठून दिसतो. ग्रेनही त्या मधल्या छटेत छान बसतो.

रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीवर (रंगीत पाण्यानं भरलेल्या हौदावर) जाणार असाल तर एक सांगून ठेवतो. तिथे प्रत्येक अंग एकाच रंगानं माखलेलं असतं. त्या एका रंगाचा स्लायडर हाती आला की आख्खा फोटो हाती आला. तो रंग खाली नेला तर ओली, काळी, चकाकणारी शरीरं मिळतात, वर नेला तर संगमरवरी पुतळे. दोन्ही करून बघा. आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधा, लेन्सपुरतं भोक पाडून. रहाडीचं पाणी उडालं की डाग जाता जात नाही.

इन्स्टाग्रामवर टाकला की ग्रेन गायब का होतो?

कारण ६००० पिक्सेलचा फोटो १०८० चा होतो. मघाचा हिशेब पुन्हा करा: आता एक पिक्सेल ३३ मायक्रॉनचा झाला. तुमचे दोन-तीन पिक्सेलांचे झुबके एकाच पिक्सेलमध्ये कोंबले गेले आणि त्यांची सरासरी निघाली. सरासरी म्हणजे सपाट राखाडी. वर जेपेगचं कॉम्प्रेशन. बारीक, विस्कळीत तपशील साठवायला जागा लागते, म्हणून ते आधी तोच कापतं. उरतो तो चिखल.

उपाय: ग्रेन न टाकता १०८० रुंदीची फाइल एक्स्पोर्ट करा, ती पुन्हा आत घ्या आणि आता ग्रेन टाका, थोडा मऊ आणि थोडा मोठा. बारीक टोकदार ग्रेनपेक्षा असा ग्रेन कॉम्प्रेशनमधून जास्त वाचतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ‘बघ रे कसा झालाय’ म्हणून साधा फोटो पाठवणाऱ्यांना मी काय उत्तर देणार? मला ग्रेन दिसतच नाही.

प्रिंट कशी काढायची?

मी मार खाल्लाय, ते सांगतो. एका छोट्या प्रदर्शनासाठी आठ फोटो १२ बाय १८ मध्ये छापायला दिले. पेन ड्राइव्ह दिला, बोललो काहीच नाही, संध्याकाळी पाकीट घेतलं आणि घरी येऊन उघडलं. आठही फोटो उजळलेले, सावल्यांत नको ते सगळं दिसतंय, आणि वर हिरवट झाक. ऑपरेटरची काही चूक नव्हती. मशीनच्या ऑटो करेक्शनला वाटलं फोटो अंधारलेत, त्यानं माणुसकी दाखवली. हिरवट झाक आली कारण रंगीत कागदावर तीन रंग मिसळून राखाडी तयार होतो, तोल जरा ढळला की रंग डोकावतो.

तेव्हापासून तीन गोष्टी करतो. ‘नो करेक्शन’ असं तोंडानं सांगतो आणि पाकिटावर लिहूनही देतो. आधी एक छोटी चाचणी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बघतो. आणि कागद लस्टर, म्हणजे किंचित चमकीचा, घेतो. साध्या मॅटवर काळं पुरेसं खोल जात नाही, ग्लॉसीवर जातं पण ट्यूबलाइट चमकते. १२ बाय १८ साठी ३०० डीपीआयनं ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, तेवढी फाइल द्या. ग्रेन स्क्रीनपेक्षा कागदावर बारीक दिसतो, त्यामुळे प्रिंटसाठी अमाउंट थोडा चढाच ठेवा.

माझ्या स्क्रीनवर काळं वेगळं दिसतं, मित्राच्या स्क्रीनवर वेगळं. कुणाचं खरं?

पूर आला की नाशिककर आकडे विचारत नाहीत, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते विचारतात. तसा एक मारुती स्वतःसाठी ठेवा: तुमच्या मनासारखी आलेली एक प्रिंट आणि तिची फाइल. नव्या स्क्रीनवर बसलात की आधी ती फाइल उघडा, प्रिंट शेजारी धरा आणि ब्राइटनेस जुळवा. रात्री अंधाऱ्या खोलीत एडिट करताना स्क्रीन झगझगीत वाटते, आपण सगळं जास्त काळं करत जातो आणि सकाळी चकित होतो.

तो जपानी फोटोग्राफर कोण, सगळं धुरकट आणि वेडंवाकडं काढणारा?

दाइदो मोरियामा. १९३८ चा जन्म. १९६८-६९ मध्ये टोकियोत ‘प्रोव्होक’ नावाचं मासिक निघालं, अंक तीनच, पण त्या मंडळींनी फोटोग्राफीला हलवून सोडलं. त्यांच्या शैलीला जपानीत म्हणतात ‘अरे, बुरे, बोके’. मराठी कानाला रस्त्यावरचं भांडण वाटतं, अर्थ मात्र: खरखरीत, हललेला, फोकस चुकलेला. मोरियामांनी बरीच वर्षं खिशात मावणारे छोटे कॅमेरे वापरले, त्यामुळे ‘माझ्याकडे महागडा कॅमेरा नाही’ ही सबब इथे चालणार नाही.

हललेला फोटो मुद्दाम काढायचा तर शटर १/१५ ठेवा आणि मेन रोडवरच्या गर्दीत चालता चालता काढा. दहातला एखादा लागतो. बाकीचे नऊ खरोखरच हललेले असतात.

लग्नाच्या अल्बममध्ये असे फोटो चालतील का?

नवरा-नवरीला चालतात, मामांना चालत नाहीत. ‘फोटो खराब आलाय, कॅमेरा बदला’ असं मला भर मांडवात ऐकवलं गेलंय. चार-पाच फोटोच असे करा, तेही हळदीचे, वरातीचे, पाठवणीचे. स्टेजवरचे ग्रुप फोटो स्वच्छ द्या. आणि रॉ फाइल जपून ठेवा, वर्षानं कुणीतरी रंगीत मागतंच.

रंगीत फोटोत ग्रेन टाकला तर?

टाका, पण कॉन्ट्रास्ट निम्मा ठेवा. रंगीत फिल्ममध्ये शेवटी चांदी धुऊन काढतात आणि उरतात ते रंगाचे ढग, म्हणून तो ग्रेन मऊ असतो. काहींना दिव्यांभोवतीची लालसर प्रभाही हवी असते. तो उजेड फिल्ममधून आरपार जाऊन मागून परत उलटलेला असतो. दिवाळीच्या फोटोंत शोभतो, इतर वेळी मिठाईच्या दुकानाची जाहिरात वाटते.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा खरा रोलच का नाही वापरत?

वापरतो ना, वर्षाला चार-पाच. एकेकाळी उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म आपल्याकडे मिळायची. आता मुख्यतः परदेशी रोल येतात आणि एकेक फ्रेम मोजून काढावी लागते.

धुतो घरीच, बाथरूममध्ये. अडचण पाण्याची. डेव्हलपरचे वेळेचे तक्ते २० अंश सेल्सिअसला धरून केलेले असतात, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून येतं तेच अंगावर घेता येणार नाही इतकं गरम. गरम पाण्यात डेव्हलपर जोरात पळतो, मिनिटाची चूक महाग पडते. म्हणून बादलीत बर्फ, त्यात बाटल्या, त्यात थर्मामीटर. डेव्हलपर थंड आणि पुढचं धुवायचं पाणी गरम असं झालं तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात. माझा एक आख्खा रोल तसा गेलाय, अंजनेरीचा. डोंगरावर मगरीच्या पाठीसारखी जाळी. दोघा-तिघांनी तो बघून विचारलं, हा इफेक्ट कुठल्या अ‍ॅपमध्ये मिळतो?